हाकेचे वजन

केतकी सोफ्यावर झोपली होती, एवढेच घडले होते.

केतकी माझी सून. तिला सातवा महिना लागला होता. घरूनच चालणाऱ्या कामाच्या नादात त्या दुपारी तिचे जेवण राहिले आणि बसल्या जागी डोळा लागला. मी समोरच्या खुर्चीत वाचत होतो. तिच्या पोटावरच्या पट्टीचा हिरवा दिवा केशरी झाला, हे माझ्या लक्षातही आले नाही. फोन वाजला तेव्हा कळले. पलीकडून डॉक्टरबाई बोलत होत्या. त्यांनी केतकीला उठवायला सांगितले, पाणी प्यायला लावले, डाव्या कुशीवर वळवले. बाळाने एक लाथ मारली आणि दिवा पुन्हा हिरवा झाला. तोवर सोसायटीच्या फाटकाशी रुग्णवाहिका येऊन उभी राहिली होती. केतकी फार ओशाळली. गाडीबरोबर आलेल्या दोघांना तिने खाली चहा पाठवला.

त्याच आठवड्यात हिंगणटेकाहून अक्काचा फोन आला. अक्का माझी थोरली बहीण.

“भाल्या, ही पट्टी मुकी हाय का काय रं?”

तिची नात तनुजा पहिल्या बाळंतपणासाठी तिच्याकडे आली होती. तनुजाची आई ती लहान असतानाच गेली आणि वडील ट्रक घेऊन परराज्यांत फिरतात, तेव्हा तिचे माहेर म्हणजे अक्काच. आदल्या दिवशी तनुजाला सकाळपासून उलट्या झाल्या, पाय सुजले, बाळ हलेनासे झाले. ती चटईवर पडून राहिली. पट्टीचा दिवा दिवसभर केशरी होता. कुणाचाही फोन आला नाही. शेवटी अक्काने गावच्या आरोग्यसेविका आशाताईंनी दिलेला नंबर लावला, तर एका गोड आवाजाने सांगितले की तुमची हाक नोंदवली आहे, पट्टी काढू नका. संध्याकाळी तनुजाने ताक घेतले, बाळ हलले, दिवा आपोआप हिरवा झाला. म्हणजे तसे बरेच झाले म्हणायचे. पण फोन आला नव्हता.

मी अक्काला म्हणालो, रेंज नसेल. तसे मला खरेच वाटत होते. पण रेंज नसती तर नंबर तरी कसा लागला असता, हे मला दुसऱ्या दिवशी सुचले. मला गोष्टी उशिराच सुचतात.

या पट्टीचे मला फार कौतुक होते. बाईच्या पोटात बाळाला पोसणारी वार असते. आईचे रक्त वारेत शिरते तेव्हा एक बारीक आवाज होतो, वाळूतून पाणी झिरपल्यासारखा. वार बिघडू लागली की आधी त्या आवाजाची लय बदलते. रक्तस्राव, झटके, बाळाचे गुदमरणे हे सगळे नंतर येते. पट्टीत विणलेले बारीक कान तो आवाज ऐकतात. शिवाय बाळाची हालचाल, आईची नाडी, तिचे चालणे-झोपणे, कातडीतला ओलावा हेही टिपतात. काही चुकते आहे असे वाटले की पट्टी जिल्ह्याच्या केंद्राला संदेश पाठवते. या संदेशालाच सगळे हाक म्हणत.

आणि ही पट्टी सरकारने प्रत्येक गरोदर बाईला फुकट दिली होती. केतकीच्या पट्टीला तिच्या रुग्णालयाने जांभळ्या रेशमाचे आवरण घातले होते, तनुजाची साधी खाकी होती. आतले कान तेच. मला वाटायचे, निदान या एका बाबतीत तरी सगळ्या बायका सारख्या झाल्या.

मुलगा सारंग म्हणाला, बाबा, तुम्ही जाऊन काय करणार? तरी मी पुण्याहून हिंगणटेकाला गेलो.

तनुजा दूध संकलन केंद्रावर फॅट मोजायचे काम करायची. बोलायला तिखट. मला पाहून पट्टीवर टिचकी मारत म्हणाली, “आजोबा, हिला पुण्याचं पाणी पाजून आणा. मग बोलेल.” पण तिचे पाय पाहून मला बरे वाटले नाही. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तिला रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि सांगितले होते की शेवटच्या महिन्यात केव्हाही झटके येऊ शकतात. तसे झाले तर वेळेवर गाडी, गाडीत नर्स आणि पोचण्याआधी तयार असलेले ऑपरेशनचे टेबल, एवढ्यावर सगळे अवलंबून होते. जीप आम्हालाही करता आली असती. पण टेबल आणि रक्ताच्या पिशव्या हाकेच्या क्रमाने मिळत. बिनहाकेची बाई परत पाठवत नसत, बाहेर बाकावर बसवत.

जिल्ह्याच्या केंद्रात शकील नदाफ काम करतो हे मला ठाऊक होते. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो तेव्हाचा तो विद्यार्थी. त्याने मला आत नेले, चहा मागवला आणि तनुजाचा क्रमांक पडद्यावर काढला.

हाक आली होती. वेळेवर आली होती. पण तिचे वजन फार कमी लागले होते.

त्याने मला जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. हाका पुष्कळ आणि गाड्या थोड्या. आमच्या तालुक्याच्या वाट्याला चार गाड्या आणि दोन टेबले. कुठल्या हाकेला आधी धावायचे हे यंत्र ठरवते. नवी गरोदर बाई आली की तिची पूर्वीची माहिती यंत्राजवळ नसते. मग ते तिच्यासारख्या बायका शोधते आणि त्यांच्या हाका पूर्वी कितपत खऱ्या निघाल्या ते पाहते. खऱ्या निघाल्या असतील तर हिची हाक जड. खोट्या निघाल्या असतील तर हलकी. गणित म्हणून यात काहीच चूक नाही.

तिच्यासारख्या म्हणजे कशा, असे मी विचारले. जात, गाव, पैसा यांतले काहीच यंत्राला सांगितलेले नाही, असे शकील अभिमानाने म्हणाला. ते फक्त बाईचे अंग ओळखते. ती किती वाजता उठते, केव्हा जेवते, किती ओझे उचलते, उन्हात किती राहते, दुपारी झोपते का. मी मान डोलावली. मग माझ्या मनात आले की गरिबी कुणी यंत्राला सांगितली नसली तरी ती उठण्या-बसण्यात होतीच.

या गटाच्या हाका इतक्या हलक्या कधीपासून झाल्या, ते त्याने शोधले. पडद्यावरची वजनाची रेषा हळूहळू उतरेल असे आम्हा दोघांना वाटले होते. ती तशी उतरली नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ती एकदम कोसळली होती. त्या दुपारी खेड्यापाड्यांतल्या शेकडो पट्ट्यांनी एकाच वेळी हाक दिली होती. गाड्या गावोगाव धावल्या, शेजारच्या जिल्ह्यांतून मागवाव्या लागल्या, आणि एकाही बाईला काही झालेले नव्हते. तेवढ्यात तालुक्याच्या गावातली एक बाई खरीच अडली. तिला गाडी मिळाली नाही. तिचे मूल गेले.

“आम्हाला वाटलं, पट्ट्यांचाच काहीतरी घोळ झाला असेल,” शकील म्हणाला. “तपासल्या. पट्ट्या चांगल्या होत्या.”

मी तिथून निघालो तो काहीच न समजता.

उलगडा अक्काने केला, तोही भाकरी थापताना, सहज. ती सांगत होती की पुढच्या आठवड्यात सूर्यग्रहण आहे, तनुजाला पाळायला लावायचे आहे, मागच्या ग्रहणाला गावातल्या सगळ्या पोटुश्या पोरी कशा शहाण्यासारख्या पडून होत्या. मी विचारले, मागचे केव्हा? ती म्हणाली, दोन वर्षं झाली की.

ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत गरोदर बाईने हलायचे नाही, काही चिरायचे नाही, शिवायचे नाही, खायचे नाही, पाणीसुद्धा प्यायचे नाही. खोलीचे दार लावून एका जागी सरळ पडायचे. वैशाखातली दुपार, पत्र्याखालच्या खोल्या. पट्टीला ग्रहण माहीत नाही. तिला एवढेच दिसले की बाई हलत नाही, घशात पाणी गेलेले नाही, नाडी वाढली आहे, बाळही मरगळले आहे. तिने हाक दिली, आणि ती देणे बरोबरच होते. यंत्रालाही ग्रहण माहीत नाही. त्याला एवढेच दिसले की अशा बायका अशा पडल्या तर काही होत नाही. तेही त्याच्या परीने बरोबरच शिकले.

पण मग पुण्या-मुंबईतल्या बायका? त्याही पाळतात. केतकीची थोरली बहीण तेव्हा गरोदर होती आणि तिने पाळले होते, हे मला आठवत होते. मी केतकीला फोन केला. ती हसली. म्हणाली, बाबा, तिच्या रुग्णालयाचा मेसेज आला होता की विश्रांती घेणार असाल तर तेवढा वेळ पट्टी काढून ठेवा, उगाच धावपळ नको. मलाही या वेळी आलाय. माझा विश्वास नाही हो, पण आई येणार आहे माझ्याजवळ बसायला. तिचं मन कुठं मोडू?

हिंगणटेकात पट्टी काढायची सोय नव्हती. काढली तर मातृत्वाची मदत बंद होईल असे आशाताईंनी बजावले होते. पोरींनी आजीचे ऐकले आणि आशाताईंचेही ऐकले. दोघींचे ऐकले म्हणून त्यांचे ऐकणारे कुणी उरले नाही.

मी हे शकीलला फोनवर सांगितले तेव्हा त्याने त्या तारखेची नोंद उघडून पाहिली. मग म्हणाला, असेल सर. पण हाताने वजन वाढवायची परवानगी मिळणार नाही, आणि वाढवलं तर पुढच्या आठवड्यात गाड्या पुन्हा मोकळ्या धावतील आणि पुन्हा कुणाचं तरी मूल जाईल. मग त्याने आवाज उतरवून एक वाट सांगितली. ग्रहणाच्या वेळी सगळा गट निपचित पडेल. तेव्हा तनुजा पट्टी बांधून चालत राहिली, खातपीत राहिली, तर यंत्राला ती त्यांच्यातली वाटणार नाही. ते तिला दुसऱ्या गटात टाकेल. शहरातल्या बायकांच्या.

“आणि बाकीच्या?” मी विचारले.

“गाड्या चारच आहेत, सर,” तो म्हणाला.

मी अक्कासमोर विषय काढला तो चुकीच्या वेळी, चुकीच्या शब्दांत. ग्रहण म्हणजे चंद्राची सावली, तिचा पोटातल्या बाळाशी संबंध नाही, असे काहीतरी बोलू लागलो. अक्काने पुरते ऐकून घेतले.

“समद्या पोथ्या वाचल्यास तू. उद्या लेकराचा ओठ फाटला तर तू शिवणार हाईस का?”

ग्रहणाने ओठ फाटत नाही हे मला पक्के माहीत होते. पण ग्रहण असो नसो, काही शे बाळांमागे एकाचा ओठ फाटलेला असतो, हेही माहीत होते. ते एक जर नेमके तनुजाचे निघाले, तर गाव आयुष्यभर तिला म्हणेल की ही ग्रहणात फिरली. आणि माझे अनुमानच चुकले असेल तर तेही केवळ माझ्या शब्दाखातर. चाल म्हणायची माझी हिंमत होईना. पडून राहा म्हणायचीही होईना.

तनुजा दारात उभी राहून ऐकत होती. तिने मला विचारले, मी चालले तर पुढच्या वेळी फोन येईल? मी म्हणालो, बहुतेक. तिने पुन्हा विचारले, बहुतेक म्हणजे किती? मी म्हणालो, मला खात्री नाही. ती म्हणाली, डॉक्टर पण असंच म्हणतात, निदान तुम्ही तोंड पाडून तरी म्हणता.

मग ती पलीकडच्या घरी गेली. तिथे शिवकन्या होती, तिची शाळेतली मैत्रीण. तीही पहिलटकरीण, माहेरी आलेली, दिवसही जवळजवळ सारखेच. दोघींनी मिळून चालायचे असे तनुजाच्या मनात होते. शिवकन्याने सासूला फोन करून विचारले. सासूने नाही म्हटले. शिवकन्याने तनुजाला सांगितले की तू चाल, मी खिडकीतून बघत पडते. पण खिडकीही लावून घ्यायची होती.

ग्रहणाच्या दुपारी तनुजा अंगणात चालली. लिंबाखाली सावलीत, माझ्या हाताला धरून, हळूहळू. पानांच्या फटींतून उतरणारा उन्हाचा प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा झाला होता. तिच्या पदरावर, पोटावर, पायाखालच्या मातीवर नुसत्या कोरीच कोरी. फटीतून सूर्याची प्रतिमा पडते, म्हणून असे होते, हे मी तिला सांगू लागलो आणि मध्येच थांबलो. ती फार लक्ष देऊन स्वतःच्या पोटावरच्या कोरी पाहत होती. तिने पोहे खाल्ले. वांगी मात्र चिरली नाहीत. म्हणाली, अक्कासाठी एवढं ठेवते.

अक्का आत देवापुढे आमच्याकडे पाठ करून बसली होती. पण उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता. तो कुणी ठेवला हे मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी शकीलचा फोन आला. गट बदलला होता. खेड्यांतून या वेळीही पुष्कळ हाका आल्या, पण एकही गाडी हलली नाही. त्याच्या आवाजात समाधान होते की दुसरे काही, मला कळले नाही.

दोन दिवसांनी तनुजा दुपारी जरा जास्त झोपली, आणि फोन वाजला. डॉक्टरबाईंनी तिची चौकशी केली, अगदी केतकीची केली होती तशी. तनुजा हसत सुटली. मग तिने पलीकडच्या घराकडे पाहिले आणि हसू थांबवले.

पुढचे घडले ते आणखी काही दिवसांनी, सकाळी. शिवकन्याची आई धावत आली. आम्ही गेलो तेव्हा शिवकन्या भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पिठासारखा पांढरा. तिचे पोट लाकडासारखे कडक झाले होते. रक्त थोडेच होते, पण अक्काने हात लावून पाहिला आणि ती मागे सरकली. वार वेळेआधीच सुटली होती. दिवा लाल झाला होता. नंबर लावला, तर तोच गोड आवाज म्हणाला की तुमची हाक नोंदवली आहे.

मी शकीलला फोन लावत होतो. तो उचलत नव्हता. मी पुन्हा पुन्हा तेच करत राहिलो, कारण दुसरे काही मला सुचत नव्हते.

तनुजाने स्वतःच्या पोटावरची पट्टी सोडली आणि शिवकन्याची काढून तिच्या जागी बांधली.

हिरवा दिवा क्षणभर विझला आणि लाल झाला. लगेच फोन वाजला. डॉक्टरबाई तनुजा, तनुजा म्हणत होत्या. तनुजाने उत्तर दिले, पोट कडक झालंय, रक्त जातंय, लवकर या. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. गाडी इतक्या लवकर आली की शिवकन्याच्या आईला चप्पलही सापडली नाही. मी गाडीत बसलो. नर्सबाई वाटेत शिवकन्याला तनुजा म्हणून हाक मारत होत्या आणि ती, शुद्ध होती तोवर, हो म्हणत होती.

टेबल तयार होते. रक्तही होते. शिवकन्या वाचली. मुलगी झाली, ती काचेच्या पेटीत आहे. वाचेल, असे डॉक्टर म्हणाले.

मी बाहेरच्या बाकावर बसलो असता शकीलचा फोन आला. त्याला वाटत होते की तनुजा आत आहे. तो आनंदाने विचारत होता की आता नोंद बंद करू का, तनुजा बाळंत झाली, हाक खरी निघाली. मी त्याला खरे सांगितले. नीट सांगता आले नाही, पण त्याला कळले.

मग तो एकेक शब्द तोलून बोलू लागला. आहे तशी नोंद बंद केली तर तनुजा सुटली, कुणाला काही कळणार नाही. तिच्यासाठी कशीतरी दुसरी पट्टी काढून देता येईल, तिचे वजनही तसेच ठेवता येईल. पण यंत्र एवढेच शिकेल की शहरासारख्या बाईची हाक पुन्हा खरी निघाली. शिवकन्याची हाक खोट्यातच जमा होईल. उलट खरे नोंदवले तर त्या गटाची एक हाक जीवघेणी खरी होती आणि आपण ती ऐकली नाही, हे यंत्राला शिकावे लागेल. गावोगावच्या पोरींचे वजन थोडे वाढेल. पण दुसरीला पट्टी बांधली की ती पट्टी कायमची बंद होते आणि त्या बाईचे नाव हाकांच्या रांगेतून जाते. नियमच तसा आहे. पुन्हा नाव लागेपर्यंत तिचे दिवस भरून जातील.

“तुम्ही सांगाल तसं करतो, सर,” तो म्हणाला. “मला काही कळलंच नाही, असं समजा.”

मी त्याला थांबायला सांगितले. काय करावे ते मला समजेना. शेकडो अनोळखी बायकांचे थोडे थोडे भले एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एक मुलगी, जिच्या पायांची सूज मी रोज पाहत होतो. आयुष्यभर सरासरी काढायला शिकवली. ही सरासरी मला काढता येईना.

दुपारी तनुजा आणि अक्का जीपने आल्या. तनुजाने शिवकन्यासाठी कपडे आणले होते. मी तिला सगळे सांगितले. लपवावे असे एकदा मनात आले होते, पण ते ठरवण्याइतकाही माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

तिने केळे सोलून खाल्ले आणि विचारले, एका हाकेने कितीसं वाढणार? मी म्हणालो, थोडंच. मग विचारले, पुढच्या महिन्यात आपल्या गावात आणखी कितीजणी आहेत? ते अक्काला माहीत होते. अक्काने नावे घेतली. नावे घेता घेता तिच्या लक्षात आले की आपण काय मोजतो आहोत, आणि ती थांबली.

“मग हिचं कोण ऐकणार, भाल्या?”

मी म्हणालो, पुण्याला नेतो, सारंगकडे. तनुजा म्हणाली, “तिथं पण आधी पट्टीच विचारतील, आजोबा. लावा फोन. शिवकन्याचं नाव शिवकन्यालाच लावा.”

मी लावला. शकीलने दोनदा विचारले, नक्की ना? दुसऱ्या वेळी मी फोन तनुजाच्या हातात दिला. ती हो म्हणाली आणि त्याला दादा म्हणाली. तिची पट्टी आता पुन्हा तिच्या पोटावर होती, नर्सबाईंनीच ती शिवकन्याच्या उतरवलेल्या कपड्यांबरोबर परत आणून दिली होती. थोड्या वेळाने तिचा दिवा गेला. तिने ती सोडली आणि घडी करून अक्काच्या पिशवीत टाकली.

मला वाटले, आता घरी निघावे. तसे म्हणालोही. तनुजा उठली नाही. भिंतीवरच्या पडद्यावर हाकांच्या क्रमाने नावे वरखाली होत होती, तिकडे ती पाहत होती, पण वाचत नसावी.

“सकाळपासून डोकं दुखतंय, आजोबा,” ती म्हणाली. “मघापासून डोळ्यांपुढं काजवे चमकतायत.”

झटक्यांच्या आधी असेच होते. डॉक्टरांनी हे आम्हाला नीट सांगून ठेवले होते. मी तिच्याकडे वळलो.

“आधी का नाही बोललीस?”

“आधी बोलले असते तर तुम्ही फोन केला नसता.”

ते खरे होते की नाही, मला अजून माहीत नाही. मी पडद्याकडे पाहिले, मग दाराकडे, मग पुन्हा पडद्याकडे. कुणाला सांगायचे? तिचे नाव तिथे नव्हते आणि येणारही नव्हते. शकीलला पुन्हा फोन करावा म्हणून मी खिशात हात घातला.

तोवर तनुजा उठली. अक्काच्या खांद्यावर हात टेकून ती चार पावले गेली आणि आत नर्सबाई बसल्या होत्या त्या दाराची कडी तिने जोरात वाजवली. दार उघडले. नर्सबाईंची नजर सवयीने आधी तिच्या पोटाकडे गेली, दिव्याच्या जागी. तिथे काही नव्हते. त्या जरा गोंधळल्या. मग त्यांनी मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिले.

“काय होतंय?” त्यांनी विचारले.